पिवळ्या घटाची अट

अक्कांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ही माझ्या वहीतली सातव्या नंबरची ओळ होती. तिच्या वरचं आणि खालचं सगळं खोडून झालं. गॅसच्या कार्डावरचं नाव बदललं, पाण्याच्या टाकीला झाकण बसवलं, गच्चीच्या दाराची कडी दुरुस्त झाली. सातवा नंबर मात्र एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत राहिला.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं म्हणून आम्हीही म्हणतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चहा कपाच्या शेजारी ओतायच्या. एकदा दाराशी टांगलेल्या रेनकोटला त्यांनी आत येऊन बसायचा आग्रह केला आणि तो येईना म्हणून रागावल्या. डॉक्टर म्हणाले होते, उजवा आधी करू, पण आता थांबू नका. फार पिकला की आमचंही काम अवघड आणि त्यांचंही. मी तपासण्यांची फाईल लावून ठेवली होती, रक्ताची वेगळी, साखरेची वेगळी. अक्कांच्या हरकतीही तितक्याच शिस्तीत यायच्या. उन्हाळ्यात जखम पिकते. पावसाळ्यात चिघळते. पितृपक्षात शुभ काम नाही. पितृपक्ष संपायला आला तेव्हा मी वही घेऊन समोर बसले.

"अक्का, आता कोणतं कारण?"

"आते कारन नही," त्या म्हणाल्या. "आते अट शे."

अट अशी होती. नवरात्राचा घट त्या दर वर्षी पिंपळनेरजवळच्या आमच्या गावी बसवायच्या. या वर्षी गुडघ्यांमुळे धुळ्याला गाडी बदलून जाणं जमणार नव्हतं, म्हणून घट पहिल्यांदाच जळगावला, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात बसणार होता. या घरात देवी नांदते की नाही हे त्यांना बघायचं होतं. घट पिवळाधमक आला तर दसऱ्यानंतर ऑपरेशन. हिरवा आला तर नाही. या वर्षी नाही आणि पुढेही नाही, विषय बंद.

"हिरवा आला तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"हिरवा उना म्हंजे देवीनं ध्यान घरमा नही. बाहेर शे."

माझा नवरा म्हणाला, "चला, निदान अट तरी आहे." तो आशावादी माणूस आहे. त्याची कामंही माझ्याच वहीत असतात.

ज्यांच्याकडे घट बसत नाही त्यांच्यासाठी सांगते. टोपलीत शेतातली माती पसरायची, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा आणि भोवतीच्या मातीत गहू, ज्वारी, बाजरी, मका असं धान्य पेरायचं. नऊ दिवस रोज एक माळ, शेजारी अखंड दिवा. धान्य उगवून वीतभर होतं आणि दसऱ्याला ते रोप टोपीत खोवून पुरुषमंडळी गावभर मिरवतात. आमच्या गावी देवघर धान्याच्या कोठ्यांमागच्या खोलीत आहे. तिला खिडकी नाही. तिथला घट कायम हळदीसारखा पिवळा येतो, आणि चार घरांतल्या बायका तो बघायला येतात.

मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. विज्ञान शिकवत नाही, विज्ञान मांडून ठेवते. वीस-बावीस वर्षं सातवीच्या एकाच प्रयोगाची तयारी करते आहे. दोन दिवस अंधारात ठेवलेल्या कुंडीतल्या रोपाच्या पानावर काळ्या कागदाची पट्टी लावायची, कुंडी उन्हात ठेवायची, मग पान स्पिरिटमध्ये उकळून त्यावर आयोडीन टाकायचं. उघडा भाग काळानिळा होतो, कारण तिथे उन्हानं पिष्ट तयार झालेलं असतं. पट्टीखालचा भाग तसाच राहतो, कारण तिथल्या स्वयंपाकघरात चूलच पेटलेली नसते. त्यामुळे अक्कांची अट ऐकल्याबरोबर मला दिसलं की या कौलाला एक तांत्रिक बाजू आहे. अंधारात उगवलेलं धान्य पिवळं येतं. उजेडात उगवलेलं हिरवं येतं. आणि आमचं देवघर वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येला आहे, म्हणजे थेट पूर्वेच्या खिडकीखाली. सकाळी सातला तिथे असं ऊन येतं की समईची वात दिसत नाही.

देवघर हलवू या का, असं मी विचारून बघितलं. अक्कांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या अंदाजे डावीकडच्या कपाटाकडे, असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. पडदा लावू का? नको, देवीला कोंडायचं नाही.

मग मी उजेडाच्या वाटांची यादी केली. एक, खिडकी. दोन, हॉलची ट्यूब. तीन, फ्रिज. त्याचं दार उघडलं की उजेड थेट टोपलीवर पडतो. चार, समोरच्या बंगल्याची भिंत. ती यंदाच पांढरी रंगवली होती आणि दुपारी तीननंतर आमच्या घरात ऊन परत पाठवायची. पाच, व्हिडिओ कॉल करणारे नातेवाईक. अखंड दिवा यादीत नव्हता. तेवढ्या मिणमिणत्या उजेडात गव्हाचं काही चालत नाही.

घटस्थापनेच्या दिवशी दुपारी अक्का आडव्या झाल्यावर मी खिडकीच्या काचांना आतून काळा कागद चिकटवला. शाळेतला नव्हे, तसलाच, दुकानातून आणलेला. ट्यूबचा स्टार्टर काढून डब्यात ठेवला. फ्रिजमधला दिवा नवऱ्याकडून काढून घेतला. समोरच्या भिंतीला इलाज नव्हता, पण कागदामुळे तीही निकालात निघाली. माझ्या माहितीप्रमाणे ते पिंप्राळ्यातलं एकमेव घर असेल जिथे तीन मोठी माणसं गव्हाला ऊन लागू नये म्हणून चाचपडत जेवत होती.

"आज ढग शेत का?" अक्कांनी विचारलं.

"थोडे आहेत," नवरा म्हणाला. बाहेर आश्विनातलं ऊन डांबर वितळवत होतं.

दुसऱ्या दिवशीही ढग होते. तिसऱ्या दिवशी अंकुर फुटले. मी मोबाईल रुमालात गुंडाळून, अगदी मंद उजेडात पाहिले. दुधात हळद टाकल्यासारखा रंग. मी वहीत लिहिलं, "पिवळा. समाधानकारक."

चौथ्या दिवशी संध्याकाळी अक्का माळ घालायला उठल्या आणि दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून खाली बसल्या. फार लागलं नाही. टेंगूळ आलं. मी बर्फ शोधत होते आणि फ्रिजमध्ये दिवा नसल्यामुळे मला बर्फाच्या ऐवजी कोथिंबीर मिळत होती.

"मन्हा डोयासनं आते काही खरं नही," अक्का शांतपणे म्हणाल्या. "चार दिनमा बठ्ठं अंधारं व्हयी गयं. देवीनी कौल देई टाका म्हना."

मी टेंगळावर कोथिंबीर धरून बसले होते. डोळे वाचवायच्या मोहिमेत मी एका म्हातारीला चार दिवसांत आंधळी करून दाखवलं होतं. आणि तिने ते मान्यही करून टाकलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी कागद फाडून काढला. स्टार्टर बसवला, फ्रिजचा दिवा बसवला. अक्का म्हणाल्या, "ढग गयात वाटस." अटीचं काय ते होईल, पुढे बघू, असं मी ठरवलं. हे वाक्य माझ्या वहीत कुठेही नाही, कारण मी असं कधी ठरवत नाही.

आणि मग जे झालं ते मी शाळेत इतकी वर्षं मांडून ठेवूनही नीट पाहिलेलं नव्हतं. शाळेत आम्ही शेवट दाखवतो, काळंनिळं पान. इथे मी सुरुवातीला बसले होते. सकाळी सातला ऊन टोपलीवर आलं तेव्हा रोपं पिवळी, लांब आणि लुळी होती. चार दिवस ती फक्त उंच होत होती. उजेड शोधत होती आणि तोवर दाण्यात बांधून दिलेली शिदोरी खात होती. शिदोरी संपली की आडवी पडली असती. आम्ही ज्या उंचीचं कौतुक करतो ती उपाशी माणसाची धावपळ आहे, हे मला देवघरात, हातात घंटी असताना कळलं. दुपारी पात्यांच्या टोकांना हिरवी झाक आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गहू पूर्ण हिरवा, मक्याचं पान तर पोपटासारखं.

तो हिरवा रंग म्हणजे रोपाचा कामगार. तो ऊन पकडतो. त्या उन्हाच्या जोरावर मातीतून आलेलं पाणी फोडलं जातं, त्यातला प्राणवायू रोपाला नको असतो म्हणून तो बाहेर सोडला जातो, आणि उरलेल्याची खोलीतल्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी सांगड घालून साखर तयार होते. ऊन साखरेत बंद होतं. पुढे त्याच साखरेचं पिष्ट, दाणा, पीठ आणि भाकरी. हे मला पाठ होतं. पण खोलीतली हवा म्हणजे कोणाची, याचा मी कधी विचार केला नव्हता. त्या खोलीत सोसायटीच्या पाण्यावरून नवरा रोज फोनवर अर्धा तास भांडायचा. अक्का आरती म्हणायच्या, मी सूचना द्यायचे. आम्ही सोडलेल्या श्वासाचा काही भाग आता नक्कीच त्या गव्हाच्या पात्यात होता. म्हणजे देवीपुढे सोसायटीचं भांडण हिरवंगार उगवलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी अक्का टोपलीपुढे बसल्या. नाक पात्यांना लागेल इतक्या जवळ. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते. सातव्या नंबरची ओळ आता कायमची तशीच राहणार, हे धरूनच.

"व माय," अक्का म्हणाल्या. "काय पिवयंधमक उनं शे!"

मी जवळ गेले. घट हिरवा होता. मी नवऱ्याला बोलावलं. त्यानेही पाहिलं. तो काही बोलण्याआधी मी त्याचा दंड धरला.

लगेच मी दोन गोष्टी तपासल्या. माझी पोपटी साडी अक्कांपुढे धरली आणि म्हटलं, ही हळदी रंगाची नेसू का आरतीला? "नेस ना, हयदी चांगलीच शे," त्या म्हणाल्या. मग वाटीत साखर दिली. त्यांनी चिमूट चाखेपर्यंत तिला गूळ म्हटलं. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं. मोतीबिंदू पिकत जातो तसं डोळ्याचं भिंगच पिवळसर होतं, आणि माणसाला ते कळत नाही, कारण बदल हळूहळू होतो. अक्कांना जग कधीपासून पिवळं दिसत होतं कोण जाणे. मी चार दिवस खिडकी काळी केली नसती तरी चाललं असतं.

नवरा म्हणाला, "मग प्रश्न मिटला की. त्यांना पिवळा दिसतोय."

"त्यांना दिसतोय. बाकीच्या कॉलनीला नाही."

रोज संध्याकाळी आरतीला सात-आठ बायका येत. मी सगळ्यांना जिन्यातच गाठलं. घटाबद्दल तीन शब्द बोलायला परवानगी होती, छान, उंच आणि दाट. रंगाचा उल्लेख नको. कारण सांगितलं तर ते पसरेल म्हणून कारण सांगितलं नाही. बायकांनी ते फार गंभीरपणे घेतलं. आमच्याकडे काहीतरी कडक व्रत आहे असा समज झाला. शेजारच्या वहिनी तर देवघरात शिरल्या की डोळे मिटायच्या, आणि मिटलेल्या डोळ्यांनी म्हणायच्या, "छान. उंच. दाट."

"ह्या बायास्ले काय व्हयनं?" अक्कांनी मला विचारलं. "शायमा परीक्षा देई राहिन्यात का?"

आठव्या दिवशी सकाळी नाना आले. नाना म्हणजे अक्कांचे धाकटे दीर, गावाकडची शेती तेच बघतात. दसऱ्यासाठी नवी बाजरी आणि ओल्या शेंगांची पिशवी घेऊन पहाटेच्या गाडीने निघाले होते. मी त्या वेळी शाळेत जाण्यासाठी डबा भरत होते. त्यांना जिन्यात गाठायला कोणी नव्हतं. ते चपला काढून सरळ देवघरात गेले, हात जोडले आणि म्हणाले,

"वहिनी, हाई काय? घट ते हिरवागार शे!"

अक्का सावकाश वळल्या.

"काय म्हनतात नाना?"

"हिरवा शे. ज्वारीना वावरसारखा. असा घट मी जलममा दखा नही."

"पिवया शे."

"वहिनी, मी शेतकरी शे. माले हिरवं कळस."

अक्कांनी हाक मारली. नाव घेऊन नाही, "पोरी" म्हणून. त्या मला पोरी म्हणतात तेव्हा खोटं बोलता येत नाही. मी डबा बंद करून गेले आणि सगळं सांगितलं. काळा कागद, स्टार्टर, ढग, तीन शब्द. नवरा मागे उभा होता. ढगांचा भाग आला तेव्हा तो बाल्कनीत गेला.

नानांचा निकाल तयार होता. "मंग ऑपरेशन रद्द. देवीनी मनाई करी. आनि वर तुम्ही देवीले फसाडात. सूनबाई, तुम्ही शिकेल बाई!"

अक्का बराच वेळ टोपलीवर हात फिरवत होत्या. रंग दिसत नसला तरी पातं कळत होतं. मग कारणच विचारलं, "हिरवं काब्रं व्हस, सांग माले."

मी सांगितलं. कार्बन डायऑक्साइड वगळून. पिवळं रोप दाण्यातली शिदोरी खातं, ती संपली की संपलं. हिरवं रोप ऊन खातं, स्वतःचं स्वतः रांधतं.

"म्हंजे पिवयं उपाशी शे?"

"हो."

अक्का नानांकडे वळल्या. या वेळी बरोबर नानांकडेच.

"नाना, तुमनी कपाशी पिवयी पडनी ते तुम्ही काय करतस?"

"खत टाकस. दुसरं काय."

"पाया नही पडतस?"

"कपाशीना कोन पाया पडस, वहिनी?"

"आनि हिरवी व्हयनी ते?"

"मंग चांगलं ना." नाना थांबले. आपण कुठे चाललो आहोत हे त्यांना दिसलं. "पन वावर येगळं, देव येगळा!"

"माती तुमना वावरनीच शे ना ही? मागला महिनामा तुम्हीच पिशवी धाडी व्हती. वावरमा पिवयं दखाई का बोंबलतस, आनि घरमा पिवयं दखाई का नारय फोडतस. इतला वरीस मी बी तेच करं."

नानांनी शेंगांची पिशवी उगाचच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पन अट ते तुम्हीच टाकी व्हती ना?"

"मीच टाकी." अक्कांचा आवाज आता चढला, आणि तो नानांवर नव्हता. "तीन दिन मी हिरवाले पिवयं म्हनी राहिंती. आनि हाई बठ्ठं घर, कॉलनीन्या बाया, मन्हा तोंडकडे दखी राहिंतात. छान म्हने. उंच म्हने. माले आखो काय काय पिवयं दखाडी राहिनात तुम्ही?"

"काही नाही, अक्का," मी म्हणाले.

"ती साडी कोनता रंगनी व्हती?"

"पोपटी."

"दख." त्या उठल्या, चौकट हातानं चाचपून ओलांडली आणि बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या, "तारीख घे. दसरा व्हयना का लगेच. नानास्ले इचारू नको."

नाना दसऱ्यापर्यंत राहिले. त्यांनी रोप टोपीत खोवलं, पण आतल्या बाजूने.

ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. फाईलमधला एकही कागद कमी पडला नाही, याचं कोणी कौतुक केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली. अक्कांनी आधी डॉक्टरांचा कोट पाहिला आणि तो इतका पांढरा कसा म्हणून संशयाने हात लावून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तू आजारी शे का?"

"नाही, अक्का."

"मंग अशीच दिसस?"

काळा चष्मा, थेंबांचं वेळापत्रक, डोक्यावरून आंघोळ नाही, वाकायचं नाही. यातलं वाकणं सोडून त्यांनी सगळं पाळलं. घरी आल्यापासून त्या एक डोळा हाताने झाकायच्या, मग दुसरा, आणि घरातली एकेक वस्तू दोन वेळा तपासायच्या. जुन्या डोळ्याने दूध बासुंदी दिसायचं, नव्याने पाणी. दूधवाल्याला त्याच दिवशी बोलावून घेतलं. नवऱ्याचे केस जुन्या डोळ्याने काळे होते, नव्याने मेंदीचे निघाले. "माले सांगानं ते सही," त्या मुलाला म्हणाल्या, आणि तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी लाजला. शेजारच्या वहिनी भेटायला आल्या आणि सवयीने डोळे मिटून "छान" म्हणाल्या. अक्कांनी त्यांना डोळे उघडायला लावले.

आठवड्याने तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे, आता डावा केव्हा करायचा ते सांगा. मी अक्कांकडे बघितलं. मनात म्हटलं, आता नवी अट येणार, या वेळी कोणतं पीक सांभाळावं लागतं कोण जाणे.

अक्कांनी नवा डोळा झाकून जुन्याने माझ्याकडे पाहिलं. मग जुना झाकून नव्याने.

"घे तारीख," त्या म्हणाल्या. "पन आधी घर झाडी ले. एक डोयाघाई इतलं जायं दखाई राहिनं. दोन्ही डोया उघडाई गयात ते माले त्या घरमा ऱ्हावाई जावाव नही."

डॉक्टरांना कळलं नाही. मी म्हटलं, घरात जळमटं झालीत म्हणतायत.

तारीख पुढच्या महिन्यातल्या बुधवारची मिळाली. मधे सतरा दिवस आहेत, त्यातले सहा शाळेच्या परीक्षेचे. पंखे पाच, खिडक्या सात, माळा एक. माळ्याला पूर्ण दिवस लागेल. नवऱ्याच्या नावापुढे मी पंखे लिहिले आहेत.